पाच टक्क्यांची मर्यादा : मेलबर्नने रस्त्यावरची झाडं नव्याने कशी निवडली

२००९ च्या जानेवारीअखेर, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, मेलबर्नमध्ये पारा सलग तीन दिवस ४३ अंशांच्या वर होता. २८ तारखेला ४३.४, २९ ला ४४.३, ३० ला ४५.१. आठवडाभराने, ७ फेब्रुवारीला, ४६.४ अंशांची नोंद झाली. शहराच्या नोंदींमधला तोवरचा तो उच्चांक. जानेवारीतल्या त्या लाटेत व्हिक्टोरिया राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू अधिक झाले, असा राज्याच्या आरोग्य विभागाचा हिशेब आहे.

ही लाट आली ती बारा वर्षांच्या दुष्काळाच्या शेवटाला. १९९७ पासून पाऊस सतत कमी पडत होता. ऑस्ट्रेलियात त्याला 'मिलेनियम ड्राउट' म्हणतात. त्यामुळे रस्त्यांवरची झाडं आधीच खंगलेली होती. लंडन प्लेन या झाडाची पानं कडेकडेने करपली, एल्म या झाडाच्या शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या. सावलीची सर्वाधिक गरज होती त्याच दिवसांत ती विरळ झाली. पुढे २०१२ मध्ये महापालिकेने २०३२ पर्यंतचं नागरी वनाचं धोरण आणलं, त्याची ही पार्श्वभूमी. हवामान बदलाला टिकणाऱ्या झाडांची चर्चा निघाली की या धोरणाचं नाव हमखास येतं, पण बहुधा 'त्यांनी अमुक झाडं निवडली' एवढ्यापुरतंच. माझ्या मते त्यातला शिकण्यासारखा भाग झाडांच्या नावांत नाही, नावं ठरवण्याआधी त्यांनी स्वतःवर घातलेल्या बंधनांत आहे.

झाडं नेमकी कशाने खचली

'सिटी ऑफ मेलबर्न' ही मोठ्या महानगराच्या मधोमध असलेली जेमतेम ३७ चौरस किलोमीटरची महापालिका. रस्त्यांवरची आणि बागांतली मिळून सुमारे ७०,००० झाडं तिच्या ताब्यात. त्यांत तीन गटांचं वर्चस्व : एल्म, लंडन प्लेन आणि निलगिरीवर्गीय झाडं. निलगिरी तिथली देशी. एल्म आणि प्लेन युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी आणलेले. लंडन प्लेन हा चिनार आणि अमेरिकन सिकॅमोर यांचा संकर. पान हातात घेतलं की चिनाराशी असलेलं नातं लगेच कळतं.

एल्मचं तर तिथे खास अप्रूप. 'डच एल्म' नावाच्या बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले एल्म उभेच्या उभे वाळवले. एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. ऑस्ट्रेलियात हा रोग पोहोचला नाही. त्यामुळे जुन्या एल्मच्या दुतर्फा रांगा बघायच्या तर जगात जी मोजकी ठिकाणं उरली, त्यांतलं एक मेलबर्न. साहजिकच त्या रांगांकडे शहराचा वारसा म्हणून पाहिलं जातं.

मग अशी शंभरी गाठलेली झाडं एका दुष्काळात का खचली? 'परदेशी झाडं, ऊन सोसलं नाही' हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. यांतले बरेच एल्म हिरवळीत उभे होते आणि हिरवळीवर वर्षानुवर्षं तुषार सिंचन चालू होतं. झाडाला पाणी कुणी घालत नव्हतं; हिरवळीला घालत होते आणि झाड त्यातलं पीत होतं. असं वरवरचं पाणी रोज मिळत राहिलं की मुळंही वरच्या थरातच पसरतात. २००७ मध्ये पाणीनिर्बंध '३ए' पातळीला गेले, हिरवळीला पाणी घालणं बंद झालं आणि झाडांचाही घोट तुटला. खोलवर थोडीफार ओल असेलही, पण तिथवर मुळं गेलेली नव्हती.

यात दुसरं एक जुनं दुखणं मिसळलं होतं, वयाचं. एकाच काळात लावलेली झाडं एकाच काळात म्हातारी होतात. महापालिकेने प्रत्येक झाडाचं 'उपयुक्त आयुष्य' किती उरलंय याचा अंदाज काढला, तेव्हा दिसलं की पुढच्या १० वर्षांत २३ टक्के आणि २० वर्षांत ३९ टक्के झाडं शेवटाला येतील. ७०,००० चे ३९ टक्के म्हणजे सुमारे २७,३०० झाडं. आहे ती संख्या टिकवायची म्हटलं तरी वर्षाला १,३०० हून अधिक झाडं नव्याने लावावी लागणार.

आणि संख्या टिकली म्हणजे सावली टिकली असं नाही. १८ मीटर व्यासाचं पर्णछत्र असलेला एक जुना एल्म घ्या आणि त्याच्या जागी २ मीटर छत्राचं रोप लावा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणून त्या एका एल्मची सावली भरून काढायला अशी ८१ रोपं लागतील. 'एक तोडलं तर पाच लावू' ही घोषणा कुठल्याही शहरात ऐकू आली की हा हिशेब करून बघावा.

बंधनं आधी, यादी नंतर

धोरणाची उद्दिष्टं थोडक्यात अशी : सार्वजनिक जागेतलं पर्णछत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांखाली येणारा भाग, २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यायचं, तोवर ९० टक्के झाडं निरोगी असायला हवीत, आणि मातीतली ओल झाडांच्या वाढीला पुरेल इतकी राखायची. यांच्या जोडीला एक नियम आला. शहरातल्या एकूण झाडांत कोणतीही एक प्रजाती ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, एक वंश (जवळच्या प्रजातींचा गट) १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, एक कुळ (अशा वंशांचा गट) २० टक्क्यांपेक्षा जास्त नको.

मुळात हा विचार अमेरिकन वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामोर यांचा. त्यांनी १९९० मध्ये १०-२०-३० असं प्रमाण सुचवलं होतं. मेलबर्नने ते आणखी आवळलं. अमेरिकेला हा धडा किती महागात पडला ते सांगायला हवं. डच एल्म रोगाने एल्म गेले, तेव्हा कित्येक शहरांनी रिकाम्या जागी अॅश हे दुसरं झाड लावलं. झाड काटक, वाढ झपाट्याची, तक्रारीला जागा नाही. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ हिरवट चमकदार रंगाचा एक भुंगेरा सापडला, 'एमराल्ड अॅश बोरर'. त्याने पुढे कोट्यवधी अॅश मारले. एका चुकीची दुरुस्ती करताना तीच चूक दुसऱ्या झाडाने पुन्हा केली गेली.

एल्मच्या बाबतीत ही एकसुरीपणाची गोष्ट आणखी खोल जाते. इंग्लिश एल्म बियांपासून क्वचितच वाढतो. तो मुळांच्या फुटव्यांवरून वाढवत आलेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की हा सगळा एल्म रोमन काळापासून चालत आलेला एकच क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब नकला, आहे. म्हणजे कागदावर हजारो झाडं, पण रोगाच्या दृष्टीने जवळपास एकच झाड.

नियम आकड्यांत उतरवला की त्याची धार कळते. ७०,००० झाडांच्या शहरात एका प्रजातीची कमाल ३,५०० झाडं, वंशाची ७,०००, कुळाची १४,०००. आणि इथेच सर्वांना रुचणारा एक उपाय अडला.

देशी झाडं लावली की झालं?

दुष्काळाने विलायती झाडं खचली, तर देशीच लावा, हा सूर तिथेही होताच. ऑस्ट्रेलियातली झाडं दुष्काळातच घडलेली, हेही खरं. पण शहरात लावण्याजोग्या देशी झाडांची नावं लिहून काढा : स्पॉटेड गम, लेमन सेंटेड गम, रिव्हर रेड गम, अँगोफोरा, ब्रश बॉक्स, लिली पिली. नावं सहा, वंश पाच, पण कुळ एकच, मिर्टेसी, म्हणजे जांभळाचं कुळ. सगळं शहर 'देशी' केलं असतं तर २० टक्क्यांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली असती. ही भीती कागदी नव्हती. याच कुळावर येणारा 'मर्टल रस्ट' हा तांबेरा २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा आढळला होता, धोरण लिहिलं जात होतं त्या सुमारास. या कुळातल्या सगळ्याच प्रजाती त्याला सारख्या बळी पडतात असं नाही, पण पाय ठेवायला त्याला सगळीकडे जागा मिळाली असती.

दुसरी अडचण सावलीची. निलगिरीच्या मोठ्या झाडाखाली भर दुपारी उभं राहून वर पाहिलं तर बरंचसं आकाश दिसतं. पानं देठापासून खाली लोंबतात, दुपारच्या सूर्याला त्यांची फक्त कड लागते. पानाच्या दोन्ही बाजूंचा रंग जवळजवळ सारखा, कारण ऊन दोन्हीकडून येणार हे गृहीत धरूनच ते पान बनलंय. झाडाच्या दृष्टीने ही उत्तम सोय, तापणं कमी आणि पाणी उडणं कमी. खाली उभ्या माणसाच्या दृष्टीने मात्र सावली चाळणीसारखी. एल्मची पानं याउलट आडवी पसरतात, एकमेकांच्या फटी बुजवतात, आणि खाली गडद सावली पडते.

शिवाय मेलबर्नचा हिवाळा गार असतो. जुलैत अरुंद रस्त्यावर ऊन हवंहवंसं वाटतं. पानझडी झाड उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन देतं. तिथली देशी झाडं जवळपास सगळी सदाहरित. लंडन प्लेनचे बारीक केस उडून डोळे-घसा चुरचुरतात, लोक वैतागतात, तरीही शहराच्या मध्यभागातून तो हटत नाही, त्याला हे एक साधं कारण आहे.

काटक झाड आणि गार झाड

या प्रकरणातला सगळ्यात अवघड पेच इथे आहे, आणि झाडांच्या याद्या तयार करताना तो सहसा टाळला जातो.

झाड दोन तऱ्हांनी गारवा देतं : ऊन अडवून, आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून. दुसऱ्या कामासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडी लागतात. दुष्काळाला टिकणारी अनेक झाडं नेमकी हीच छिद्रं लवकर मिटून घेतात. पाणी वाचतं, झाड जगतं. पण ४३ अंशांच्या दुपारी रंध्रं मिटून बसलेलं झाड स्वतः जगलं तरी रस्त्याला फक्त छत्रीचं काम देतं. याउलट काही झाडं रंध्रं उशिरापर्यंत उघडी ठेवतात. ती गारवा देत राहतात, पण मातीतली ओल संपली तर खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात, धार तुटते आणि फांद्या वाळतात.

म्हणून 'दुष्काळाला कोणतं झाड टिकतं?' हा प्रश्न अर्धाच. उरलेला अर्धा असा, की टिकून ते आपल्याला काय देतं, आणि हवं ते द्यायला त्याला पाणी कोण पुरवणार? मेलबर्नने मातीतली ओल उद्दिष्टांतच लिहिली हा मला त्या धोरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. फिट्झरॉय गार्डन्समध्ये पावसाचं वाहून जाणारं पाणी गोळा करून, गाळून जमिनीखालच्या टाक्यांत साठवण्याची व्यवस्था केली गेली. पिण्याच्या पाण्यावर पुन्हा निर्बंध आले तरी बागेचं पाणी तुटू नये, हा त्यामागचा हेतू.

रस्त्यावर हे जमवणं जास्त कठीण. फुटपाथमध्ये मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा काढून झाड लावलं तर त्याला मिळते एक घनमीटर माती, आणि मोठ्या झाडाला लागते कित्येक घनमीटर. आजूबाजूला रोलरने दाबलेली खडी, वर काँक्रीट. नावाला रस्त्यातलं झाड, प्रत्यक्षात कुंडीतलं. अशा खड्ड्यात जगातली सर्वांत काटक प्रजाती लावा, ती खुरटणारच. पाणी झिरपू देणारी फरसबंदी, दोन-तीन झाडांना जोडणारा मातीचा लांब चर, रस्त्यावरचं पाणी आळ्यात वळवणारी कड, ही कामं दिसत नाहीत, फोटोत येत नाहीत आणि खर्चाचा मोठा हिस्सा खातात. प्रजातीवर वाद घालायला सगळे तयार असतात. खड्ड्याच्या मापावर बोलायला रस्ते विभागाशी भांडावं लागतं.

उद्याच्या तापमानाची चाचणी

२०१६ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी महापालिकेसाठी शहरातल्या प्रजाती भविष्यातल्या तापमानाशी ताडून पाहिल्या. पद्धत साधी आणि हुशार होती : प्रत्येक प्रजाती जगातल्या कोणकोणत्या शहरांत लावलेली आहे, त्या शहरांचं तापमान काय, आणि मेलबर्न पुढे त्या पट्ट्याच्या बाहेर जाईल का. झाडाच्या नैसर्गिक अधिवासावरच विसंबण्यापेक्षा हे बरं. गिंको घ्या. निसर्गात तो चीनच्या मोजक्या टापूंत उरला, पण लावला तर अनेक खंडांत वाढतो. झाड आज कुठे आढळतं हा इतिहासाचा भाग असतो. ते काय सोसतं हे वेगळं.

तरीही अधिवासावरून धोक्याचा साधारण अंदाज येतो. २०२२ मध्ये ७८ देशांतल्या १६४ शहरांचा आणि तीन हजारांहून अधिक झाडाझुडपांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजच ५६ टक्के प्रजाती त्यांच्या भौगोलिक पट्ट्यात अनुभवलेल्या तापमानाच्या मर्यादेबाहेर आणि ६५ टक्के पावसाच्या मर्यादेबाहेर शहरांत उभ्या असल्याचं आढळलं. २०५० पर्यंत तापमानाचा आकडा ७६ टक्क्यांवर जाण्याचा अंदाज आहे. मर्यादेबाहेर म्हणजे मेलीच असं नव्हे. ती पाण्यावर, निगराणीवर तगून आहेत, आणि ती मदत तुटली की काय होतं ते २००७ ते २००९ मध्ये मेलबर्नने पाहिलंच होतं.

मेलबर्नचं एक नशीब असं की तिथे कडक थंडी पडत नाही. त्यामुळे उद्याच्या उन्हासाठी निवडलेलं झाड आजच्या हिवाळ्यातही तगतं. जॅकरांडा आणि वडाच्या वंशातला मोरेटन बे फिग तिथे आधीपासून वाढतायत. अल्जेरियन ओक, कॉर्क ओक, चायनीज एल्म, झेलकोव्हा, कुर्राजोंग यांसारखी नावं पुढे आली तीही भूमध्य सागरी प्रदेश, पूर्व आशिया, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग अशा वेगवेगळ्या मुलखांतली. जिथे हिमवर्षाव होतो तिथल्या शहराला हे सुख नाही. पन्नास वर्षांनंतरच्या उन्हाळ्यासाठी उष्ण प्रदेशातून आणलेलं झाड येत्या हिवाळ्यातल्या एका कडाक्याच्या रात्रीत जाऊ शकतं. म्हणून मेलबर्नची यादी उचलून दुसरीकडे लावणं निरर्थक. त्यांची पद्धत मात्र उचलता येते.

रस्त्यावर उतरल्यावर

लोकांना एकसारख्या झाडांची रांग आवडते, आणि नियम विविधता मागतो. यावरचा तोडगा सँटामोर यांनीच सुचवून ठेवला होता : एका रस्त्यावर एकच प्रजाती चालेल, पण शेजारच्या रस्त्यावर दुसरी हवी, आणि असे एकसारखे पट्टे शहरभर विखुरलेले हवेत. मेलबर्नने विभागवार आराखडे केले, रहिवाशांना बैठकांना बोलावलं, वारसा रांगांचा निर्णय वेगळा हाताळला. दरसाल सुमारे ३,००० झाडं लावण्याचा वेग धरला.

कोणतं झाड किती वर्षं टिकेल हे दाखवणारा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. त्यात प्रत्येक झाडाला क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता होता, हेतू हा की फांदी मोडली, पोकळी दिसली तर लोकांनी कळवावं. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली, हजारोंनी, परदेशांतूनसुद्धा. हसू येतं, पण त्यामुळे झाड काढण्याआधी त्याच्याविषयी बोलायला लोक तयार झाले, आणि झाडं बदलण्याच्या मोहिमेत सगळ्यात महाग पडते ती ही तयारीच.

या नियमाच्या दोन उणिवा मला खटकतात. पहिली, तो झाडं मोजतो, सावली मोजत नाही. पाच टक्के जुने प्लेन आणि पाच टक्के कोवळी रोपं कागदावर सारखी. रस्त्यावर निम्म्याहून जास्त सावली प्लेनचीच असू शकते. दुसरी, नावांची विविधता म्हणजे स्वभावाची विविधता नव्हे. वीस प्रजाती पाच-पाच टक्क्यांनी लावल्या आणि वीसही पाणी तोडताच मान टाकणाऱ्या निघाल्या, तर नियम पाळूनही शहर उघडं पडेल. नर्सरीची गोष्ट तर कुणी बोलतच नाही. रस्त्यावर लावण्याजोगं रोप तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मागणी आधी नोंदवली नाही तर ऐन वेळी नर्सरीत असेल तेच लागतं, आणि नर्सरीत असतं ते सगळ्या शहरांनी कालपर्यंत मागितलेलं.

२०२१ मध्ये पर्थमध्ये आणखी एक कीड सापडली, खोड पोखरून आत बुरशी वाढवणारा तिळाएवढा भुंगेरा, 'पॉलिफॅगस शॉट-होल बोरर'. पाणथळ काठावरची असोत की पार्कातली, बरीच झाडं तोडावी लागली. मोरेटन बे फिग आणि लंडन प्लेन, दोन्ही तो ज्यांवर वाढतो त्या झाडांत आहेत. दोघांचं कुळ वेगळं, मूळ मुलूख वेगळा. ५-१०-२० चा नियम एका कुळापुरत्या रोगाला रोखतो, कुळं न बघता पोखरणाऱ्या किडीला नाही. तिच्यासमोर नियमाचा उपयोग एवढाच, की प्लेनचा वाटा जितका खाली आलेला असेल तितका तोडणीचा आकडा कमी राहील. तो वाटा खाली आणायला मात्र वर्षाला ३,००० झाडांच्या वेगाने अजून बराच काळ लागणार आहे.